मिरच्यांचा धूर आणि शून्य गोल

दोन हजार आठच्या मंदीनंतर आमच्या ह्यांची नोकरी गेली आणि आमच्या घरात फुटबॉल शिरला. माझी क्लिनिकमधली नोकरी शाबूत होती, म्हणून दुबईतल्या अल कुसैसचा फ्लॅट टिकला. पण उंच इमारतींची ड्रॉइंग्ज काढणारा माणूस एकाएकी घरी बसला की काय काय करतो, ते मी पाहिलंय. आधी त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. ते संपल्यावर लेकीला घेऊन रोज संध्याकाळी पार्कात जायला लागले. लेक सहावीत, शाळेच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. हे चेंडू मारायचे, ती अडवायची. स्वतः कॅरमपलीकडे काही खेळलेले नाहीत, पण उत्साह असा, की विचारू नका.

त्यातच ह्यांना कुठूनसा जर्मन बायकांच्या टीमचा विक्रम सापडला. दोन हजार सातचा वर्ल्ड कप त्या बायकांनी एकही गोल न खाता जिंकला होता. सगळ्या स्पर्धेत अंगावर गोल शून्य, आणि फायनलला त्यांच्या गोलकीपरने पेनल्टीसुद्धा अडवली. झालं! पोळी वाढताना जर्मनी, गाडीत जर्मनी, झोपताना जर्मनी. शाळाशाळांच्या स्पर्धेत आपणही एकही गोल खायचा नाही, असं बापलेकीचं ठरलं. अभ्यासात शून्य आणलं नाही म्हणजे मिळवली, असं मी म्हटलं. पण खरं सांगते, फायनल उजाडली आणि तिने तोवर खरंच एकही गोल जाऊ दिला नव्हता, तेव्हा माझाही जीव त्या शून्यात अडकला होता.

फायनल शुक्रवारी सकाळी होती. लेक ग्लोव्ह्ज चढवून दारात उभी, आणि ह्यांना आठवलं की पोरीची दृष्ट काढायची राहिली. आदल्या दिवशी शेजारणींनी फार कौतुक केलं होतं म्हणे. मी सांगत होते, अहो, नुसतं मीठ-मोहरी ओवाळा आणि सिंकमध्ये टाका. ऐकतील तर शपथ! सात लाल मिरच्या तापलेल्या तव्यावर टाकल्या आणि तो धुमसता तवा घेऊन हे हॉलभर फिरले.

वरचा फायर अलार्म किंचाळायला लागला. आमचाच नाही, अख्ख्या बिल्डिंगचा. माणसं होती तशी जिन्याने खाली धावली. कुणी लुंगीवर, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक काका दात घासत. मिरच्या जाळून ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली असते, असं आमच्याकडे म्हणतात. इथे पाच मजले खोकत होते, म्हणजे दृष्ट लागलेलीच नव्हती! हे मी ह्यांना तिथेच, सगळ्यांसमोर सुनावलं.

आगीचा बंब आला. वॉचमनने बेसमेंट बंद केलं, आणि आमची गाडी आत. लेक फुटपाथवर ग्लोव्ह्ज घालून उभी, डोळे भरलेले. अधिकारी अरब होता, चेहऱ्याने कडक. काय शिजवत होतात, असं त्याने विचारलं. ह्यांनी हिंदी-इंग्लिशची खिचडी करून, हातवारे करून मिरच्यांचं प्रयोजन समजावलं. मला वाटलं, आता दंड होतो. अधिकाऱ्याने लेकीकडे पाहिलं, ग्लोव्ह्जकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून हसला. वाईट नजर त्यांच्याकडेही असतेच की. "माशाल्ला," तो म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, आणि बिल्डिंग तपासून होताच सगळ्यात आधी आमची गाडी बाहेर काढायला लावली.

तरी व्हायचा तो उशीर झालाच. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा मॅच सुरू होती आणि गोलमध्ये दुसरीच मुलगी होती. शेजारच्या बिल्डिंगमधली ही मल्याळी मुलगी एरवी डिफेन्सला खेळायची. कुणीच नाही म्हणून सरांनी तिला उभं केलं होतं. आमची धावत आत गेली तेव्हा ती रडत होती, कारण टीमवर एक गोल झाला होता. गेला विक्रम! ह्यांच्याकडे तर बघवेना.

पण पुढचा खेळ काय झाला म्हणता! आमची एकेका चेंडूवर झेपावत होती आणि ती मल्याळी पोर आपल्या जागी परत जाऊन भिंतीगत उभी राहिली होती. आम्ही दोन-एक जिंकलो. मी इतकी ओरडले, की सोमवारी क्लिनिकमध्ये घसा दाखवून घ्यावा लागला. गोलकीपरची ट्रॉफी देताना सरांनी माइकवर सांगितलं, की आमच्या लेकीवर स्पर्धेत एकही गोल झाला नाही. ह्यांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटतंय की काय असं वाटलं.

परतताना त्या मुलीलाही आम्ही गाडीत घेतलं. दोघी मागे बसल्या. गाडी चालवताना ह्यांचं सुरू झालं. तो गोल तुझ्या खात्यात धरायचाच नाही, तुझं शून्य शाबूत आहे, जर्मनीची बरोबरी झाली. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण 'गोल' आणि 'शून्य' तिला कळत होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मी ह्यांना कोपराने ढोसलं, पण ह्यांच्या लक्षात येईल तर ना!

तेवढ्यात लेकीने मागून विचारलं, "बाबा, हू वॉज द अदर कीपर? द जर्मन वन, ऑन द बेंच?"

सिग्नलला गाडी थांबवून हे आठवायला लागले, ती बाकावर बसलेली राखीव कीपर कोण? त्या टीमचं ह्यांना सगळं पाठ होतं. कुणी कितव्या मिनिटाला कुठला चेंडू अडवला, तेसुद्धा. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा कुठे ह्यांनी गाडी पुढे काढली.

"माहीत नाही गं," शेवटी म्हणाले.

"बट शी वन टू, ना?"

"हो," हे म्हणाले. "तीही जिंकली."

लेकीने आपली ट्रॉफी शेजारी बसलेल्या त्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि ती पोर सकाळपासून पहिल्यांदा हसली.