मधुदादांनी सही न केलेला जॉइंट

मधुदादा काल दुपारी गेले. आणि आज सकाळी त्यांच्या फोटोला हार घालून पोस्ट टाकणाऱ्या आमच्या साहेबांनीच त्यांना नोकरीवरून काढलं होतं.

"आमच्या कंपनीचा आधारवड हरपला," असं लिहिलंय.

आधारवड म्हणे!

खाली कमेंटमध्ये जोडलेल्या हातांची ही रांग. त्यातले निम्मे हात मी ओळखते. दादा बॅग भरत होते तेव्हा हेच हात मोबाईलमध्ये गुंतले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

पेणजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ताणलेल्या कापडाची छपरं बनायची. हॉटेलांवर, पार्किंगवर पांढरी, शिडासारखी दिसतात ना, ती. लोक कापड बघतात. खरं काम कोपऱ्यात असतं, जिथे कापड, केबल आणि खांब एकत्र येतात.

तो कोपऱ्याचा जॉइंट मधुदादा डिझाइन करायचे.

डिग्री नाही. आयटीआय फिटर. कासूहून खाडीकडे गेलं की घर, वडील मिठागरात कामाला. साहेब कस्टमरला ओळख करून द्यायचे, "हा आमचा जुना मिस्त्री."

साहेबांची डिग्री परदेशातली, खुर्चीमागे फ्रेम करून लावलेली. केबल अडकवायच्या शॅकलला ते शेवटपर्यंत "ती कडी" म्हणायचे.

मी रोह्याची, नवी नवी इंजिनीअर. पहिल्या आठवड्यात मी बनवून घेतलेली कोपऱ्याची लोखंडी प्लेट दादांना दाखवली. त्यांनी ड्रॉवरमधून वहिनींच्या जुन्या ओढणीचा तुकडा काढला आणि प्लेटच्या कडेवरून फिरवला.

धागा अडकला.

"हितं कापड फाटणार. परत घासून आण गो."

चार वेळा परत पाठवलं. मला राग आला होता. आज त्या रागाचीही लाज वाटते.

मग रोह्यातल्या एका नव्या शाळेचं काम आलं. अंगणावर मोठं छप्पर. शहरातून आलेल्या आर्किटेक्टला दादांचा जॉइंट आवडला नाही. पिन, शॅकल, सगळं दिसतं म्हणे. त्यांना "क्लीन लुक" हवा होता. प्लेट सरळ खांबाला वेल्ड करा.

दादा म्हणाले, "साहेब, वाऱ्यानं कापड हलतं. त्याच्यासंगं प्लेट पन फिराया पायजे. पिन हाय म्हनून फिरते. वेल्ड केलीत तर वेल्ड तुटंल."

आर्किटेक्ट हसले. "काका, आपण लग्नाचा मांडव नाही बांधत आहोत."

साहेब हसले.

मीही हसले. हे लिहून ठेवते, कारण ही पोस्ट वाचून मला कोणी चांगली समजू नये.

दादांनी ड्रॉइंगवर सही केली नाही. "नाय जमनार" एवढंच म्हणाले. साहेबांनी तेच ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं.

"तू इंजिनीअर आहेस ना? की मिस्त्रीला विचारून सही करणार?"

मी सही केली.

दादांना स्टोअरमध्ये पाठवलं. बोल्ट मोजायला.

उद्घाटनाला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तरी कासूहून गाडी पकडून रोह्याला आले. छपराखाली सगळी शाळा बसलेली. पाहुण्यांचं भाषण चालू. वारा सुटला होता, कापड वर-खाली होत होतं.

दादा मात्र एका खांबाच्या टोकाकडे बघत उभे होते. वेल्डवरच्या रंगाला चीर गेली होती.

ते साहेबांकडे गेले. मी शेजारीच होते.

"पोरांना बाहेर काढा. आत्ता."

"पाहुणे बोलतायत. तमाशा करू नकोस."

दादा स्टेजवर चढले आणि पाहुण्यांच्या हातातला माईक घेतला.

"पोरांनो, उठा. दप्तरं राहू दे. वर्गात चला. बाई, उठवा त्यांना."

दोन गार्डनी त्यांचे दंड धरून त्यांना खाली ओढलं. शर्ट फाटला. साहेब पाहुण्यांची माफी मागत होते. "जुना माणूस आहे, डोकं फिरलंय."

पण बालवर्गाच्या बाई उठल्या. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्या पोरांना घेऊन निघाल्या, ते बघून दुसऱ्या बाई उठल्या, मग सगळेच.

शेवटची रांग पायऱ्यांवर होती तेव्हा वेल्ड तुटला.

प्लेट केबलसकट खाली आली आणि मोकळ्या अंगणात सपकन फिरली. जिथे दुसरीची मुलं बसली होती तिथल्या फरशा फुटल्या.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पेपरात आलं, "कंपनीच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला." सोबत साहेबांचा फोटो.

सोमवारी मीटिंग. "कस्टमरसमोर कंपनीची अब्रू घालवली" म्हणून दादांना काढलं. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. उघडलं ते बिस्किट खायला.

शाळेवर पुन्हा छप्पर चढलं. या वेळी पिन घालून, दादांच्या जुन्या ड्रॉइंगप्रमाणे. आर्किटेक्टने त्या पिनेचा क्लोजअप प्रोफाइलवर टाकला. "ऑनेस्ट डिटेलिंग."

धन्य आहे!

मी नोकरी सोडली, पण दादांना तोंड दाखवायला मला वर्ष लागलं. गेल्या दिवाळीत कासूला गेले. दादा ओट्यावर बसले होते, बोलताना धाप लागत होती. वहिनी म्हणाल्या, "ये गो, बस."

मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी सही करायला नको होती."

मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे पोरी, तू लहान होतीस.

"व्हय," दादा म्हणाले. "चुकलंच तुझं."

आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

त्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी खरं बोललेला तो एकच माणूस.

दादा, माझा शेवटचा नमस्कार.