बिनगाठीचं बटण

आमच्या वरच्या मजल्यावरचे टेलरमास्तर स्वभावाने सरळ, पण डोक्याने अर्धवट. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय, तेव्हा पाठीमागे बोलल्याचा आळ माझ्यावर नको.

दुकान होतं तेव्हा त्यांनी लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नसे. मेण लावलेला दोरा, बुडाशी घट्ट वेढे आणि मागे अशी गाठ की कात्रीनेही हात टेकावेत. लोक कपडे टाकायला यायचे, बाकावर बसून घरच्या कटकटी सांगायचे. मास्तर मान खाली घालून "हं, हं" करायचे. त्यांच्या साऱ्या ओळखी अशाच, हातात कापड असताना झालेल्या. मग गुडघे गेले, बायको गेली, दुकान विकलं. मशीन वरच्या खोलीत खिडकीपाशी आलं आणि दाराची बेल वाजेनाशी झाली.

परगावची लेक रोज फोनवर शिकवणी घ्यायची, "बाबा, पॉझिटिव्ह राहा. लोकांत मिसळा." मिसळा म्हणे! दिवसभर जिन्यातली पावलं ऐकत बसणाऱ्याने कुणात मिसळायचं, भिंतीत?

तरी मास्तरांनी जिन्याखाली पाटी लावली, 'किरकोळ शिवणकाम घरीच करून मिळेल.' बरेच जण वर गेले. मीही कोट घेऊन गेले. एका बटणाला मास्तरांनी तासभर लावला. चहा झाला, बायकोचा फोटो दाखवून झाला, लेकीचं कौतुक झालं.

आठवड्याच्या आत ते बटण भाजीच्या पिशवीत पडलं. पुन्हा गेले, पुन्हा चहा. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावून आणल्यावर मात्र मी चष्मा चढवला आणि कोट उलटा केला. मागे गाठच नव्हती. दोरा आरपार काढून नुसता सोडून दिलेला. मला आधी राग आला. मग कारण लक्षात आलं, आणि जास्तच राग आला.

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. "माझंही बटण पडलं. मास्तरांचा हात गेला हो. दिसतही नसेल नीट. त्यांना कशाला त्रास द्यायचा?" बघता बघता हे बोलणं बिल्डिंगभर झालं. कुणी भांडायला गेलं नाही. गेलं असतं तर निदान मास्तरांचा तेवढा वेळ तरी गेला असता. सगळ्यांनी चांगुलपणा दाखवला आणि वर जाणं सोडलं.

शेवटी मीच गेले. "मास्तर, गाठ का मारत नाही तुम्ही?"

"गाठ मारली की माणूस परत येत नाही, ताई. आयुष्यभर पक्कं शिवलं. दुकान बंद केलं तेव्हा कुणाचं काहीच उसवलेलं नव्हतं."

"आता लोक म्हणतात, मास्तरांचा हात गेला."

"माझा हात?" त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मला रडू येत होतं, म्हणून मी आवाज चढवला. "मग खाली या की माझ्याकडे! मी तरी कुणाशी बोलते दिवसभर?"

"काय काम काढून येऊ?"

"काम कशाला हवं? असंच या."

"असंच कसं यायचं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर सुईदोरा घेऊन घरोघर फिरले. प्रत्येकाचा कपडा मागून घेतला, दारातच उभं राहून बटणं पक्की केली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा! पूर्वीचाच हात!" त्यानंतर कुणाचं बटण तुटलं नाही. वर कुणी गेलंही नाही. नाव राहिलं, आणि मास्तर पुन्हा एकटे पडले. दुपारी वरून मशीनचा आवाजही येईना. मी स्वयंपाकघरात उभी राहून कान देत असे, आणि स्वतःवरच चिडत असे.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात मास्तर. गळ्यात टेप नाही, हातात पिशवी नाही. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"ताई, काही काम नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आत येऊ?"