जांभळी न झालेली नळी

“जांभळं का होत नाहीये? अरे, कुणी सांगेल का मला, जांभळं का होत नाहीये?”

सर ओरडत होते. त्या आवाजाने दिल्लीतली निम्मी कबुतरं उडाली आणि उरलेल्या निम्म्यांनी राजीनामे दिले, असं मी आजवर शपथेवर सांगत आलो आहे. त्यांच्या हातात काचेची नळी होती. नळीत आमचे जिवाणू, त्यात डांबरगोळीची पूड, वर रंगद्रव्याचे थेंब. एव्हाना नळी जांभळी व्हायला हवी होती. ती मात्र ढिम्म, ताकाच्या निवळीसारखी फिकट.

“अजून थोडं थांबू या, सर,” मी म्हणालो.

“थांबू? महिनाअखेर मी रिटायर होतोय, सिलिंडरमध्ये फुंकरीपुरता गॅस उरलाय. थांबू कशाच्या जोरावर, यार?”

आमचे जिवाणू मिथेन खाऊन जगायचे. सरांनी ते यमुनाकाठच्या चिखलातून आणले होते. मगरीच्या जबड्यातून आणले असं मी पाहुण्यांना सांगायचो. खरं तर एका म्हशीने त्यांना ढुशी दिली होती, इतकंच. तर मिथेन हा मोठा चिवट वायू. तो फोडायला जिवाणूला इलेक्ट्रॉन लागतात, आणि ते नेऊन पोचवणारं एक प्रथिन असतं. दिल्लीच्या बसमध्ये कंडक्टर आपल्या सीटवरून हलत नाही. पुढच्या दारातल्या माणसाचे पैसे हातोहात मागे जातात, तिकीट हातोहात पुढे येतं. मधल्या हाताचं नाव कुणी विचारत नाही. सरांचं सगळं आयुष्य त्या मधल्या हातामागे गेलं होतं. एकदा तरी ते प्रथिन शुद्ध, एकटं, नळीत घालून उजेडात धरायचं होतं त्यांना.

“रंग कसा असेल हो त्याचा?” काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, विचारायच्या.

“बिनदुधाच्या चहासारखा,” सर म्हणायचे.

“मग माझ्या स्वयंपाकघरात रोजच सापडतंय की. उगीच चिखलात गेलात.”

त्या वर्षी काकू हॉस्पिटलात होत्या, आणि डॉक्टर सरांशी बोलताना त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघू लागले होते. सरांनी काकूंना शब्द दिला होता: नळी घेऊन येतो, तुलाच पहिल्यांदा दाखवतो.

आमच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट निषिद्ध होती. तांबं. तांब्याचा अंश जरी मिळाला, तरी हे जिवाणू मिथेन फोडायची दुसरीच यंत्रणा वापरायला लागतात आणि आमचं प्रथिन बनवणं सोडून देतात; मग नळी जांभळी होत नाही. माझ्या आईने ग्रहशांतीसाठी माझ्या बोटात तांब्याची अंगठी घातली होती. सरांनी पहिल्याच दिवशी ती दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायला लावली. “शनी बाहेर बसेल,” म्हणाले.

आणि दर खंडेनवमीला काकू यायच्या. घरोघरी कोयती-कात्रीची पूजा होते, तशी त्या आमच्या यंत्रांची करायच्या. झेंडू, हळदकुंकू, स्टीलच्या वाटीत पेढे. सर देव मानत नसत, पण त्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून यायचे.

त्या वर्षी हॉस्पिटलातून काकूंनी मला सांगितलं, “तू कर रे पूजा. फुलं वाहा, पुरे.”

पण पुरे हा शब्द माझ्या कोशात नाही. मी आदल्या दिवशीच घरचा तांब्याचा कलश चिंचेने घासून लखलखीत केला. नळाचं पाणी यंत्रांसमोर कसं ठेवायचं, म्हणून प्रयोगशाळेतलं शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी त्यात भरलं. आंब्याचे डहाळे, वर नारळ. रात्रभर तो घरी देव्हाऱ्यात राहिला. सकाळी मी अशी पूजा केली की पेशव्यांनी बघितली असती तर मला जहागीर दिली असती. सर हॉस्पिटलात होते. पूजा आटोपल्यावर त्या शेवटच्या प्रयोगाचं पोषकद्रव्य बनवायला घेतलं. मोठ्या बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरेना. तांब्याभर कमी पडत होतं. पाण्याचं यंत्र थेंब थेंब टाकत बसलं होतं. कलशातलं पाणी पूजेनंतर झाडाला घालतात. म्हटलं, हे तर आपणच भरलेलं शुद्ध पाणी. शिवाय देवासमोरचं. ओतलं. वर हातही जोडले. पाणी लक्षात राहिलं, भांडं विसरलो.

ते आठवलं नळी जांभळी झाली नाही तेव्हा. सर ओरडत होते आणि मी ‘अजून थोडं थांबू या’ म्हणत होतो.

सांगायला हवं होतं. मी, ज्याला गप्प बसवायला आमच्या कॉलनीत सभा भरायच्या, तो मी गप्प बसलो. सर तीन दिवस तांबं शोधत राहिले. त्यांनी प्रत्येक नळ, प्रत्येक झडप उघडली. साठीला आलेला माणूस यंत्राखाली पालथा पडून जोड खरवडत होता. मी शेजारी उकिडवा बसून बॅटरी धरली होती.

“माझंच चुकलं असणार,” तिसऱ्या दिवशी ते यंत्राखालूनच म्हणाले. “लक्ष कुठे होतं माझं.”

मी बॅटरी जरा नीट धरली. तेवढंच केलं.

महिनाअखेर हारतुरे झाले. दिवाळीच्या आत काकू गेल्या.

तेराव्यानंतर मी मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. कलश पिशवीत घालून नेला होता. का, ते मला अजून कळलेलं नाही. सर बाल्कनीत काकूंची लोकरी शाल उन्हात घालत होते. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी कलश टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. चिंच, डहाळे, खूण, बॅटरी. आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षरही वाढवून सांगितलं नाही. शेवटी म्हणालो, “माझ्यामुळे काकूंना दाखवायचं राहिलं, सर.”

सरांनी कलश उचलला, आत डोकावून बघितलं, परत ठेवला. शालीची सुरकुती हाताने सरळ केली.

“दाखवलं ना,” ते म्हणाले. “नळीत बिनदुधाचा चहा भरून नेला होता. ‘साखर घातलीत का?’ म्हणाली.”