मोडण्याआधी मोडून बघणारी माणसं

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी जिना चढून येतात! पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, "रत्नागिरीत बसून सिम्युलेशन? तिथे कंटाळा येत नाही?" मी म्हणते, बाई गं, तुझ्या काचेच्या बिल्डिंगमधे वर्षभरात जेवढं घडत नाही, तेवढं आमच्याकडे चहा येईपर्यंत घडतं.

माणसं आम्ही तीन. सुर्वे सर, म्हणजे मालक. निखिल, म्हणजे माझा सहकारी. आणि मी. काम एका वाक्यात सांगते. कुणी टाकी, बोट, छप्पर, काहीही बनवणार असेल, तर आम्ही ते आधी कॉम्प्युटरवर बनवतो. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतो, त्यावर वजन टाकतो, वारा सोडतो, आणि कुठे वाकेल, कुठे तुटेल ते सांगतो. जिथे ताण जास्त, तिथे चित्रात लाल रंग. ताण नाही तिथे निळा. बस्स, एवढंच.

एवढंच, पण लोकांना सांगून बघा!

* * *

आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा बोर्ड आंब्याच्या फांदीआड गेलाय. त्यामुळे निम्मे पेशंट आधी आमच्याकडे येतात.

एकदा एक काका गाल धरून आले आणि निमूट खुर्चीत बसले. आम्हाला वाटलं, सरांचे कोणीतरी असतील. निखिलने पाणी दिलं. त्यांनी ते एका बाजूने प्यायलं, तरी आमच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी निखिल एका गिअरबॉक्सवर काम करत होता. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर गिअरचा एकच दात दिसत होता, टोकाला निळा, मुळाशी लालभडक.

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खोल आवाजात म्हणाले, "काढावाच लागेल का?"

निखिल कामाच्या तंद्रीत. "नाही हो काका, मुळाशी थोडी गोलाई दिली की चालेल. पण एक तुटला की शेजारचे सगळे जाणार!"

काका उठले आणि गाल धरूनच घरी गेले.

* * *

घरच्यांना तरी आपलं काम कळावं ना? माझ्या आईने ते स्वतःच्या पद्धतीने समजून घेतलंय.

मला बघायला चिपळूणहून मंडळी आली होती. मुलगा बरा होता, एका कारखान्यात मेन्टेनन्सला. त्याच्या आत्याने विचारलं, "नोकरी म्हणजे काय करतेस गो नेमकं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कंपन्या हिच्याकडे चांगल्या वस्तू पाठवतात. ही त्या मोडते."

मी सावरायला गेले. म्हटलं, "खरं मोडत नाही हो. कुठली गोष्ट किती दिवस टिकेल, कुठे ताण येईल, कुठून तुटेल, ते मी आधीच सांगते."

आत्याने मुलाकडे बघितलं. मुलाने पोह्यांकडे.

दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला. "मुलगी चांगली आहे, पण कुठून तुटेल ते आधीच बघणारी नको."

गंमत पुढेच आहे. महिन्याभरात तो मुलगा एकटाच ऑफिसात हजर! हातात पिशवी, पिशवीत त्याच्या कारखान्यातलं मशीनखालचं एक ब्रॅकेट. सारखं तडकतं म्हणे. मी दोन दिवस बसून त्याला उत्तर शोधून दिलं. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "आमच्या आत्याला काही बोलू नका हं. तिला वाटतंय, मी दाताला आलोय."

* * *

मिरकरवाड्याचे एक बोटमालक नव्या फायबरच्या बोटीसाठी आले होते. मोठा माणूस, दर्यावर आयुष्य गेलेलं. जाळं ओढायच्या यंत्राखालची जागा आधीच्या बोटीत फाटली होती, ती नव्यात फाटू नये एवढीच त्यांची मागणी.

आता आमच्या भाषेत त्या बारीक तुकड्यांच्या विणीला म्हणतात मेश. म्हणजे जाळीच.

निखिल ऐटीत म्हणाला, "इथे जाळी जाड झाली आहे. उद्यापर्यंत बारीक करून घेतो."

मालकांनी दचकून दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "सायबा, बारीक जाळीला बंदी हाय. फिशरीजवाले धरतील."

निखिलने त्यांना समजावलं. कॉम्प्युटरातली जाळी वेगळी, तिला बंदी नाही, जितकी बारीक तितकं उत्तर चांगलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. पटलं असावं. कारण जाताना ते एवढंच म्हणाले, "करा मग. पण माझं नाव सांगू नका."

* * *

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची रसायनाची टाकी होती. टाकी गोल, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. अशा वेळी आम्ही अर्धीच टाकी घेतो. वेळ वाचतो, उत्तर तेच येतं. जगभर असंच करतात.

रिपोर्ट गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खरेदी विभागातल्या साहेबांचा मेल. "पाहणी केली असता काम पन्नास टक्केच झाल्याचे दिसून येते. उर्वरित टाकी कधी मिळेल?"

सरांनी फोन लावला. "साहेब, जे डावीकडे तेच उजवीकडे आहे."

"ते तुम्ही गृहीत धरलंत!"

"गृहीत नाही हो, टाकीच तशी आहे. आरशासमोर उभं राहिल्यासारखं."

"सर, ऑडिटवाले मला आरसा विचारणार नाहीत, टाकी विचारणार! ऑर्डर पूर्ण टाकीची आहे."

सरांनी फोन ठेवला. निखिलने एक बटण दाबलं, अर्ध्याची पूर्ण झाली. मी मेल पाठवायला घेतला, तर सर म्हणाले, "थांबा! आत्ता पाठवलात तर त्यांना वाटेल काम केलंच नाही. सोमवारी पाठवा. आणि आठवणीचा एखादा फोन येऊ दे."

फोन आला. सोमवारी रिपोर्ट गेला. साहेबांचं उत्तर मी प्रिंट काढून भिंतीवर लावलंय. "दुसरी बाजू पहिलीपेक्षा बरीच चांगली झाली आहे. सुरुवातीलाच एवढे लक्ष दिले असते तर विलंब टळला असता."

* * *

गुहागरकडच्या एका गावात देवळापुढे नवा सभामंडप झाला, पत्र्याचा. मागच्या वादळाची धास्ती सगळ्यांनाच, म्हणून कमिटीचे अध्यक्ष आप्पा आमच्याकडे आले. "वाऱ्याला टिकेल ना, एवढं बघा."

बघितलं. टिकत होता. जोराच्या वाऱ्यात छप्पर फार तर बोटाच्या पेराएवढं हलणार होतं. पण एवढी हालचाल स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून आम्ही ती शेकडो पटीने मोठी करून दाखवतो. मी तसा व्हिडिओ केला. त्यात मंडप असा डुलत होता की शिमग्यात पालखी नाचावी! खाली स्पष्ट लिहिलं की हे फक्त समजण्यासाठी वाढवून दाखवलंय, मंडप भक्कम आहे.

आप्पांनी लिहिलेलं वगळलं आणि व्हिडिओ तेवढा गावच्या ग्रुपवर टाकला.

तिथून तो मुंबईकरांच्या ग्रुपवर गेला. झालं! परळहून फोन, विरारहून फोन. "देवळाचं छप्पर पडतंय आणि तुम्ही जेवता कसले?" तासाभरात गुरवाने देवाची भांडी बाहेर काढली. समया शाळेत नेऊन ठेवल्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे पोरं तेवढी आमच्यावर खूश.

सर आणि मी गाडी काढून तडक गावात गेलो. मंडपासमोर ही गर्दी, आत पाऊल टाकायला कोणी तयार नाही. सर एकटे मंडपात उभे राहून समजावू लागले. खरा मंडप हलत नाही, हा कॉम्प्युटरचा खेळ आहे, वगैरे. लोक हळूहळू शांत व्हायला लागले. एवढ्यात काठी टेकत एक आजोबा पुढे आले.

"तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं खरं असेल. पण मी परवा सकाळी प्रदक्षिणा घालताना माझ्या डोळ्यांनी बघितलाय हलताना. अगदी या मोबाइलात हलतोय तस्सा!"

सर टेकीला आले. म्हणाले, "आजोबा, असाच? अगदी रंगासकट?"

आजोबांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. नीट निरखला.

"रंग जरा फिके होते."

* * *

समुद्राकडच्या एका कड्यावर पर्यटकांसाठी लोखंडी गॅलरी आहे. कड्याच्या बाहेर आलेली, खाली थेट खडक आणि लाटा. आज तिला खालून चार जाड तिरके टेकू दिसतात. लोकांना वाटतं, ते आमच्या रिपोर्टमुळे लागले. तसं नाही.

गॅलरी बांधली दळवी कॉन्ट्रॅक्टरनी. काम संपत आलं तेव्हा सुरक्षिततेचा कागद हवा म्हणून ते आमच्याकडे आले. सरांनी गणित केलं आणि कपाळाला हात लावला. थोडी माणसं असली तर ठीक. पण सुट्टीच्या दिवशी सगळे टोकाला जमले, तर मुळाशी जोड उघडणार होता.

"टेकू द्या," सर म्हणाले.

"टेकू दिसले की व्ह्यू जातो सर! आणि गर्दी एवढी कशाला धरलीत?"

"सूर्यास्ताला सगळे टोकालाच जाणार. सेल्फी काढायला."

दळवी विचारात पडले. मग त्यांना सुचलं. "सर, ही वजनं तुम्ही घाटावरची धरलीत. आपली माणसं हलकी असतात हो! मासे-भात खाणारी. थोडी कमी धरा की!"

"आणि घाटावरून येतील ते?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी बोर्ड लावू!"

सरांनी सही केली नाही. दळवी जाताना म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर फार घाबरट आहे." मग त्यांनी कुठूनतरी एका पानाचा दाखला आणला, सर्व काही सुरक्षित असल्याचा. सरांनी संबंधित कार्यालयात पत्र दिलं. पोचल्याचा शिक्का मिळाला, पुढे काही नाही. त्या आठवड्यात सर ऑफिसात एकदाही हसले नाहीत.

उद्घाटनाला आम्ही न बोलावता गेलो. मोठे पाहुणे आले होते, बँड होता, शेवंतीच्या माळा होत्या. सरांना पाहुण्यांशी दोन शब्द बोलायचे होते, पण दोरीपाशी पोलिसांनी अडवलं. "कार्यक्रम झाल्यावर भेटा." सर दोरीला धरून उभे राहिले. गॅलरीच्या तोंडाशी निदान दोनशे माणसं दाटली होती, सगळी फीत कापायची वाट बघत.

स्टेजवर दळवी माइकसमोर होते. कडक पांढरा शर्ट, कपाळावर गंध. आवाज चढला होता. "काही लोकांनी शंका काढल्या! काहींनी कॉम्प्युटरवर चित्रं काढली! पण मी आज सगळ्यांसमोर सांगतो, या गॅलरीवर हत्ती उभे करा! हत्ती! हलणार नाही! दळवीचं काम आहे!"

टाळ्या पडल्या. फीत कापली गेली. पाहुणे हसत म्हणाले, "चला, मग आधी आया-बहिणींना जाऊ दे."

नऊवारीतल्या, फुलं माळलेल्या बायका एकमेकींचे हात धरून गॅलरीवर निघाल्या. सगळ्यात पुढे एक ठेंगणी म्हातारी होती. लेकाने बांधलेली गॅलरी म्हणून मोठ्या कौतुकाने ती थेट टोकाकडे चालली होती.

दळवींनी ते बघितलं. माइक अजून हातातच होता.

"आये!" सगळ्या कड्यावर आवाज घुमला. "आये, तू नको! तू मागे ये!"