गुरुजींनी शिकवलेला राजा
वटवाघळांचा उग्र वास आला की मला कंधारचा किल्ला आठवतो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या वडिलांना घेऊन मी तिथं गेले होते. दरवाजात नवा फलक होता. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "अगं, किल्ला बांधणारा राजा मी पोरांना जन्मभर भलताच शिकवला." तेवढ्यात तिथला पहारेकरी लगबगीनं येऊन त्यांच्या पाया पडला, त्यांचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, फलक कोण वाचतंय? येणाऱ्या समद्यांना मी तुम्ही शिकवलेलंच सांगून राहिलो. एक अक्षर इसरलो न्हाई." वडील कधी त्याच्याकडे, कधी फलकाकडे बघत राहिले. परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "त्याला सांगायला पाहिजे होतं का गं?"