मुरलीधररावांचा एक लेट

मुरलीधर डबीर रागीट नव्हते, भांडखोर नव्हते, तरी रांझीतल्या कारखान्याच्या क्वार्टरांत लोक त्यांना दुरून पाहिले की रस्ता बदलत. कारण एकदा गाठ पडली, की ते आपल्या पहाटेबद्दल बोलू लागत.

पहाट होतीही बोलण्यासारखी. साडेचारला डोळे उघडायचे. तांब्याभर पाणी, मग नळाखाली गार पाण्याची आंघोळ, जून असो की डिसेंबर. बारा सूर्यनमस्कार. सायकलला हवा रोज, चेनला तेल दर बुधवारी. सहाला डबा हातात, बूट दाराकडे तोंड करून तयार. कारखान्याचा पितळी बिल्ला, नंबर अकराशे सत्तेचाळीस, आदल्या संध्याकाळीच सदऱ्याच्या खिशात गेलेला असे. साडेसहाच्या आत तो फाटकावरच्या पेटीत टाकायचा. साडेसहाला पेटीला कुलूप लागे आणि त्यानंतर येणारा लेट. बावन्न साली मुरलीधरराव फिटर म्हणून लागले तेव्हापासून एकोणीस वर्षांत त्यांच्या नावापुढे एकही लेट नव्हता. साऱ्या कारखान्यात असा दुसरा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

पाचला कारखान्याचा भोंगा वाजे आणि रांझी उठे. मुरलीधरराव तोवर न्हाऊन मोकळे. "भोंगा मला काय उठवणार? मीच भोंग्याला उठवतो," असे ते म्हणत. घरात घड्याळ होते, पण गजर लावायची मनाई होती. गजराने उठतो तो गजराचा नोकर, हे त्यांचे मत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला, सत्यभामाबाईंना, बजावले होते की मला हाक मारून उठवायचे नाही, माणसाने आपणहून उठावे. सत्यभामाबाईंनी बरे म्हटले होते. त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा. नवऱ्याइतके त्याही बोलल्या असत्या तर घर कोसळले असते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले, कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी सुरू झाली आणि रोजचा भोंगा बंद झाला. आता तो वाजला तर हवाई हल्ला समजायचा. लोकांची पंचाईत झाली. थंडीचे दिवस, सकाळी साडेसहापर्यंत अंधार, आणि उठवणारे कोणी नाही.

शेजारचे भय्यासाहेब याच कारखान्यात होते. अंथरुणाशी त्यांचे जुने सख्य. ते सगळ्यांच्या वतीने आले. "भैया, भोंगा तर बंद होऊन गेला. आता तुम्हीच दारं ठोकत चला ना."

मुरलीधररावांना आकाश ठेंगणे झाले. दुसऱ्या दिवसापासून ठीक पाचला हातात काठी घेऊन ते ओळीतल्या सोळा दारांवर टकटक करू लागले. सोळा घरांच्या चुली त्या काठीवर पेटू लागल्या. ओळीतला एकही माणूस पाच दिवस लेट झाला नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शहरातल्या राइट टाउनहून जावई शशिकांत स्कूटरवर आला. मुलीला, विनीताला, कळा सुरू झाल्या होत्या. सत्यभामाबाईंनी पिशवी भरली आणि जाता जाता घड्याळ पुढे केले.

"अहो, साडेचारचा गजर लावून ठेवला आहे."

"काहून? मला कोणी उठवतं का?"

बाईंनी घड्याळ फळीवर ठेवले. मग "अच्छा" म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या. स्कूटर वळणाआड जाताच मुरलीधररावांनी गजर बंद केला. एकोणीस वर्षांचे व्रत मोडायचे कशाला!

त्यांना जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेने. काळ्या कागदाच्या फटीतून ऊन भिंतीवर पडले होते. सव्वासात झाले होते.

त्या ओळीत जाग कोणालाच नव्हती असे नाही. तीन-चार घरांतल्या बायका उठून बसल्या होत्या. पण काठी वाजली नाही म्हणजे पाच वाजायचे आहेत, असे समजून पुन्हा लवंडल्या. भय्यासाहेबांनी तर कमालच केली. त्यांच्या घड्याळात सहा वाजलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. घड्याळ चुकेल, मुरलीधर चुकायचा नाही, असा विचार करून त्यांनी काटे सव्वा तास मागे फिरवले आणि पांघरूण डोक्यावर ओढले.

पावणेआठला फाटकाबाहेर बारा सायकली उभ्या होत्या; ओळीतले बाकीचे रात्रपाळीला होते. लढाईचे दिवस, म्हणून प्रत्येकाकडून लेखी कारण मागितले. सायकल पंक्चर हे कारण चालत असे; ते लिहिले की लेट लागत नसे. आठ जणांनी तेच लिहिले.

फाटकावरचा बाबू कागद वाचून म्हणाला, "आज रांझी में कीलें बरसी हैं क्या?" पण खिळ्यांच्या पावसाचे ते कागद त्याने ठेवून घेतले.

"तुम्हीही पंक्चर लिहा, भैया," भय्यासाहेब कानाशी म्हणाले. "एकोणीस वर्षांचं रेकॉर्ड आहे. खरं लिहून कोणाचं भलं होऊन राहिलं?"

मुरलीधररावांनी पेन हातात घेतले आणि तसेच उभे राहिले. सकाळपासून त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते, ते आता कळले. आज सांडशी पडली नव्हती. रोज डोळे उघडायच्या आधी स्वयंपाकघरात सांडशी फरशीवर पडल्याचा खणकन आवाज होत असे. बायकोच्या हातून वस्तू पडतात, एवढेच त्यांना त्यात दिसले होते. त्यावरून ते एकदोनदा तिला बोललेही होते. फाटकाबाहेर, बारा माणसांत, त्यांना विलक्षण लाज वाटली.

त्यांनी लिहिले, 'पत्नी घर पर नहीं थी।'

बाबूने दोनदा वाचले. "डबीरजी, यह कोई कारण हुआ? लेट लगेगा।"

"लगाइए," मुरलीधरराव म्हणाले.

दोन दिवसांनी सत्यभामाबाई परत आल्या. नात झाली होती, सगळे सुखरूप होते. चहा घेताना मुरलीधररावांनी विचारले, "सांडशी मुद्दाम पाडत होतीस?"

"मग काय करू? हाक मारू नको असं तुम्हीच सांगितलं."

"आणि तुला कोण उठवत होतं?"

"कोणी नाही. मधेमधे उठून घड्याळ पाहत होते. सवय होऊन गेली."

"माहेरी जायचीस तेव्हा?"

"सासूबाईंना सांगून जायची."

सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली होती. सहा वर्षांत बाई एकदाही माहेरी, छिंदवाड्याला, गेल्या नव्हत्या. हिला माहेरची ओढच नाही, असे मुरलीधरराव चारचौघांत कौतुकाने सांगत. ते चहा तसाच टाकून बाहेर गेले आणि हवा भरलेल्या सायकलमध्ये पुन्हा हवा भरत बसले.

त्या संध्याकाळपासून गजर लावायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. मे महिन्यात बाईंना महिनाभर माहेरी पाठवले आणि तो महिना गजराचे नोकर होऊन काढला. पहाटेवरचे व्याख्यानही आटले. लोक रस्ता बदलीनासे झाले.

ब्याऐंशी साली ते निवृत्त झाले. निरोपाच्या आधी साहेबांनी त्यांचे सर्व्हिस बुक मागवले. तीस वर्षांत एक लेट. साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "डबीरजी, लड़ाई के दिनों की बात है। कहिए तो कटवा दूँ। तीस साल, एक भी लेट नहीं, ऐसा प्रमाणपत्र दूँगा।"

मुरलीधररावांनी पुस्तक आपल्याकडे ओढून ते पान पाहिले. एकाहत्तरचा डिसेंबर, तांबडी शाई, पुढे कारण, 'पत्नी घर पर नहीं थी।'

"रहने दीजिए साहब," ते म्हणाले. "तीस साल उसने भी नौकरी की है। कागज पर उसका इतना ही लिखा है।"