पुलीवरची पिवळी खूण

कुणाला सांगू नका म्हणायची सोय नाही. जीप बंद पडली हे अख्ख्या मुरुडला माहीत आहे. कुणामुळे, हे मात्र तिघांनाच ठाऊक आहे. मी वर्गात हजेरीसुद्धा हळू आवाजात देते, तेव्हा एकदाच सांगते. जवळ या.

माझे बाबा मेकॅनिक. दोन वर्षांपासून त्यांची नजर जात चालली आहे. माणूस दिसतो, पान्यावरचा आकडा दिसत नाही. हे गिऱ्हाइकांना कळलं तर कोण गाडी आणणार?

अशात नांदेडच्या एका कॉलेजातल्या सरांचा निरोप आला. बाबांनी जुन्या जीपला रोटरी इंजिन बसवलंय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. जीप नीट चालली, तर बाबांना तिकडे शिकवायला घेणार होते. शिकवायला नजर कमी असली तरी चालते. आईने तर त्यांचा शर्टही इस्त्री करून ठेवला.

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो, त्रिकोणी रोटर गरगर फिरतो. ठिणगी कधी पडायची ते आमच्या जीपमध्ये वेगळा आणून लावलेला कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा हिशोब खरा आहे का, हे मात्र डोळ्यांनी बघावं लागतं. टायमिंग लाइट ठिणगीसोबत लुकलुकतो, त्यामुळे इंजिनाच्या तोंडावरची फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. तिच्यावरची पिवळी खूण इंजिनावर पक्क्या बसवलेल्या काट्यासमोर यायला हवी. नाही आली, तर कॉम्प्युटरमधला आकडा बदलायचा.

बघणार कोण? अर्थात मी!

त्याआधी खंडेनवमी झाली. गॅरेजातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी माझ्याकडे असते आणि मी काम चोख करते. पान्यांपासून जीपच्या इंजिनापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. हळद गळू नये म्हणून यंदा तेलात कालवली. केवढी हुशार मी!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं. बाबांचे दोस्त रशीद चाचा लॅपटॉप घेऊन बसले. तारांचं काम त्यांचंच. मी लाइट धरला.

“दिसली का गं पिवळी?” बाबांनी विचारलं.

“हाव. पण काट्यापासून दोन बोटं लांब हाय.”

“दोन बोटं?” चाचा दचकले. “एवढा फरक कसा? बेटा, नीट बघ. इंजिनाच्या पुस्तकात पिवळीच्या बाजूला एक लाल खूण पण दावलीय.”

“लाल पण हाय की! नीटच बघून राहिले, चाचा.”

“तिनं बघितलं म्हंजे बघितलं,” बाबा म्हणाले. “पोरीची नजर लई तेज हाय. बदल आकडा.”

चाचांनी आकडा बदलत नेला. खूण सरकत सरकत काट्यासमोर आली.

“बस्स!” मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सर आले. चाचांनी जीप चालवायला घेतली, सर शेजारी, बाबा आणि मी मागे. सपाट रस्त्यावर सर खूश होते. गावाबाहेरचा चढ लागला आणि पुढून आवाज आला, डब्यात खडे घालून हलवावा तसा.

“रशीद, पाय काढ! पाय काढ!” बाबा ओरडले.

उशीर झाला होता. खाडकन आवाज झाला आणि जीप चढावरच थांबली.

सर उतरले, रुमालाने घाम पुसला, म्हणाले, “होतं असं कधीकधी.” आणि समोरून आलेल्या बसला हात केला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

इंजिन उघडलं, तर रोटरच्या टोकाची पट्टी तुटून तिचे तुकडे आत फिरलेले. सगळं खरवडून निघालं होतं.

“ठिणगी लई आधी पडून राहिली होती,” बाबा म्हणाले.

“पण भाऊ, खूण तर जुळली होती!”

बाबा पुलीवरून बोट फिरवत होते. मधेच थांबले. बोट नाकाशी नेलं.

“रशीद, ह्यो रंग न्हाई. हळद हाय.”

मी माझी बोटं पाठीमागे लपवली.

बाबांनी पुलीवरची काजळी नखाने खरवडली. माझ्या हळदीपासून बरोबर दोन बोटांवर खऱ्या खुणेची खाच निघाली. तिच्यात जुना पिवळा रंग होता, नखाच्या टोकाएवढा.

“आन् ती लाल?” चाचांनी विचारलं.

“कुंकू,” मी म्हणाले. एवढं हळू की दोनदा सांगावं लागलं.

चाचा हसायला लागले आणि बाबांकडे बघून गप्प झाले. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, “माझ्या नजरेचा मला भरोसा न्हाई. मी एकट्यानं केलं असतं, तर आधी नखानं खाच धुंडली असती. तू हायेस म्हणून धुंडली न्हाई.”

सरांचा पुन्हा निरोप आला नाही. इस्त्रीचा शर्ट अजून खुंटीवर आहे.

मागच्या आठवड्यात शाळेत डोळे तपासायला आले होते. मी तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळही घडाघडा वाचली. डॉक्टरांनी कागदावर ‘नजर उत्तम’ असं लिहून खाली पालकांची सही आणायला सांगितलं.

आता तुम्हीच सांगा, तो कागद मी बाबांपुढे कोणत्या तोंडाने धरू?